उघाडी

शिरोड्याच्या आगरात माघ सरता सरता
पाणी जड होतं. बोट बुडवून काढलं
की नखाशी पांढरी कड.
माझा बाप ती कड चाटून सांगायचा, अजून चार दिवस.
मीही तसंच सांगतो.

केसर वाफ्यात उतरते, मूठ भरते,
खडे कुडुमकुडुम खाते,
जत्रेतलं खाजं खावं तशी.
बायका हसायच्या: "आगरवाल्याचां चेडू,
मीठ नाय तर काय साखर खातलां?"

मग तिचे पाय वळायला लागले.
रात्री सात वेळा उठायची, कळशी रिकामी,
आणि अंथरूण...
असो. आठ वर्षांची आहे, लाजते.

बांबोळीला तीन खेपा फुकट गेल्या.
चौथ्या खेपेला कुंकळ्येकर डॉक्टरीणबाईंनी
केसपेपर उलटा केला, कोऱ्या बाजूवर
एक नळी काढली,
खाली उतरून पुन्हा वर चढणारी,
शालनच्या केसातल्या आकड्यासारखी.
"मूत्रपिंडात अशा लाखो.
या चढणीवर मीठ परत घ्यायचं काम चालतं.
नळीच्या काठाला पेशी, पेशीला होडी.
होडीत चौघं: सोडियम एक, पोटॅशियम एक, क्लोराइड दोन.
चौघं भरल्याशिवाय सुटत नाही."

आरोंद्याची होडी आठवली मला.
तीही तशीच, तांडेल विडी ओढत बसलेला.

"पोटॅशियम आल्या वाटेने नळीत परत.
सोडियमला पंप ओढून काढतो,
त्याला दमणूक लागते.
क्लोराइडला मागचं दार,
रक्ताच्या बाजूला."
"आणि ढकलतं कोण त्याला?"
"कोणी नाही. पेशीच्या आत ऋण भार, क्लोराइडही ऋण.
ऋणाला ऋणाच्या शेजारी राहवत नाही.
दार मिळालं की निघतं."

मी म्हटलं, बाई, ही तर उघाडी.
पेन थांबलं त्यांचं.
मग मीच सांगत बसलो, दवाखान्यात,
रांग मागे खोळंबलेली:
बांधात लाकडी फळी असते,
अमावास्येच्या भरतीला उचलायची.
पाणी आपण ओढत नाही, पाणी आपसूक येतं.
आपण फक्त फळी राखायची,
आणि फळी ज्या खाचेत बसते ती खाच.
"तशी खाचही आहे इथे," त्या म्हणाल्या,
"एक लहानसं प्रथिन, दाराला धरून ठेवणारं.
केसरचं ते ठीक आहे. तिचं दारच घडताना चुकलं.
क्लोराइड आत कोंडतं,
होडीला माणसं उतरवायला जागा नाही,
मीठ नळीतच राहतं,
मिठामागे पाणी जातं, पाण्यामागे पोटॅशियम,
म्हणून पाय वळतात."

कोणाकडून आलं, मी विचारलं.
"दोघांकडून. अर्धं अर्धं."
शालनने माझ्याकडे पाहिलं नाही.
मामाची पोर केलीस, घरातलं घरात राहिलं,
असं म्हणत सगळ्यांनी लग्नात लाडू खाल्ले होते.
येताना एस.टी.त सातार्ड्याच्या पुलावर ती बोलली,
एवढंच: "भूक होती ती. आपण खोड समजलो."

आता घरात पोटॅशियमची बाटली, कडू,
ती नाक दाबून पिते.
जन्मभर पोत्याने मीठ मोजलं मी,
आता सोनाराकडून जुना काटा आणलाय,
तिच्या पेजेतलं मीठ त्यावर तोलतो.
कमी पडलं तर तिला आधी कळतं,
काट्याला मागाहून.

या वर्षी फळी बदलली.
फणसाची घातली, महाग पडली.
रात्री भरतीला केसर बॅटरी धरून बांधावर उभी,
मी फळी उचलली,
काळं पाणी पायांजवळून आत शिरलं,
कोणी न ढकलता.
ती बराच वेळ बघत राहिली.
मग म्हणाली, लघवीला जाते,
आणि बॅटरी घेऊन गेली. मी अंधारात.

काल वाफ्याशी बोट चाटून मी म्हटलं, चार दिवस.
तिनेही चाटलं.
"तीन," म्हणाली.
वाद घातला नाही. पोरींना तिसऱ्या दिवशीच
टोपल्या घेऊन यायला सांगितलंय.